दहा वर्षांचा लॅपटॉप: आधी रॅम की आधी एसएसडी?

नळस्टॉपवाला
बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. त्यांचा लॅपटॉप २०१५ चा: इंटेल आय५-५२००यू, ४ जीबी रॅम (उघडी कामं धरून ठेवणारी मेमरी), ५४०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. मेंटेनन्सची एक्सेल, क्रोममध्ये बँक आणि व्हॉट्सॲप वेब एवढं उघडलं की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. टिळक रोडवरच्या एका दुकानात सांगितलं, रॅम वाढवून काही होणार नाही, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (काहीही न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) टाका. मला हे पटत नाही. पैसे एकाच गोष्टीचे मंजूर झालेत (बाबांच्या मते "चालतोय की"), आणि माझ्या मते ते रॅमला जावेत. खोडून काढा.

पेठेबाहेरचा
दुकानदार बरोबर आहे. टास्क मॅनेजर (काय किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा, डिस्क १०० टक्के दिसेल. फिरत्या डिस्कला एकेक तुकडा शोधायला बारा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला ०.१ च्या आसपास. लॅपटॉप चालू करून चहा टाकायला जायची सवय एसएसडीनेच सुटते. शिवाय उद्या मशीन गेलं तर एसएसडी यूएसबी केसात घालून वापरता येते. तुमची डीडीआर३ची (रॅमची जुनी पिढी) स्टिक पुढच्या लॅपटॉपला बसणारसुद्धा नाही.

नळस्टॉपवाला
पाहिलं. डिस्क १०० टक्के आहेच. पण मेमरीही ९३ टक्के आहे.

हिशोबनीस
मग टक्के सोडा. तिथेच परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करून खाली "कमिटेड" (आधी सगळ्या प्रोग्रॅमांची मेमरीची मागणी, मग रॅम आणि डिस्कवरची जागा मिळून मर्यादा) काय लिहिलंय ते सांगा, रोजची कामं उघडी ठेवून.

नळस्टॉपवाला
७.४/१०.१ जीबी.

हिशोबनीस
झालं की. घर चार खणांचं, सामान साडेसात खणांचं. उरलेलं विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन टाकतं आणि लागेल तेव्हा ओढून आणतं. डिस्क १०० टक्के दिसते ती निम्मी या हमालीमुळे. एसएसडी घातली तर हमाल धावत जाईल, पण जाणं-येणं थांबणार नाही. रॅमपर्यंत पोचायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एसएसडीही तिच्या हजारपट मागे. इथे रॅमच. "कमिटेड" साडेतीनच्या आत असतं तर मी एसएसडी म्हटलं असतं.

पेठेबाहेरचा
निम्मी हे कुठून काढलंत? अँटिव्हायरसचं स्कॅन, विंडोज अपडेट, सर्च इंडेक्स, हे सगळं डिस्कच खातं. रॅम ३२ जीबी केलीत तरी पहिल्यांदा फाइल उघडायला डिस्कवरच जावं लागतं.

हिशोबनीस
निम्मी अंदाजाने, मान्य. पण ते पहिल्यांदा. बाबांची तक्रार सुरू व्हायला वेळ लागतो ही नाही, काम करता करता अडकतो ही आहे. धागा नीट वाचा.

कात्रजचा_घाट
दोघंही थांबा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट बंद. पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. सोसायटीच्या बँक खात्याचं काम करायच्या मशीनवर एक रुपयाही घालू नका. नवा घ्या.

नळस्टॉपवाला
नवा घ्या हे बाबांना तुम्ही येऊन सांगा, चहा आमच्याकडे.

पेठेबाहेरचा
इथे कात्रजकरांचा मुद्दा मात्र टाळू नका. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका आणि हिशोब एक्सेलऐवजी लिब्रेऑफिसमध्ये करा.

तापकीर_गल्ली
भांडा, पण घेताना फसू नका. माझ्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला एकाने साधी डीडीआर३ दिली. खाच तीच, पिना २०४ च, त्यामुळे स्टिक बसते व्यवस्थित. स्क्रीन मात्र काळी. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, या लॅपटॉपांना १.३५ ची डीडीआर३एल लागते. स्टिकरवर पीसी३एल-१२८०० असं बघा, त्यातला "एल" महत्त्वाचा. मी तो "एल" न बघता घरी आलो आणि दोन दिवस मदरबोर्ड गेला म्हणून सुतक पाळलं. मार्केटला जायच्या आधी झाकण उघडून स्लॉट एक आहे की दोन तेही पाहा, काही मॉडेलांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. आणि विंडोज ६४ बिटच आहे ना? ३२ बिटवर चारच्या पुढची रॅम नुसती शोभेला.

नळस्टॉपवाला
६४ बिट आहे. स्लॉट दोन, एक रिकामा. जुन्या ४ च्या शेजारी ४ लावू की ८?

हिशोबनीस
८. साडेसातच्या सामानाला आठ खण म्हणजे पुन्हा तोच जाच.

पेठेबाहेरचा
४+४. जोडी जुळली की ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवघेव) मिळतं, आणि या मशीनचं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं.

तापकीर_गल्ली
४+८ मध्येही इंटेल पहिले ४+४ जोडीने चालवतं, उरलेले ४ एकेरी. खजिनदारांच्या एक्सेलला हा फरक कळणार नाही. ८ घ्या, वापरलेली चालेल, पण दुकानातच लावून, चालू करून घ्या. हात लावण्याआधी बॅटरी काढा. स्टिक तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कट्‌कन बसल्या पाहिजेत.

नळस्टॉपवाला
काल ८ ची आणली, "एल" दोनदा वाचून. आता तीच कामं उघडून कमिटेड ७.१ दाखवतंय, मेमरी ५८ टक्के, बाण थिजत नाही. वाढीव अपडेटची नोंदणीही केली.

पेठेबाहेरचा
आणि चालू व्हायला?

नळस्टॉपवाला
अडीच मिनिटं. आधीइतकीच.

पेठेबाहेरचा
मग मी काय म्हणत होतो?

हिशोबनीस
तुम्ही "आधी" एसएसडी म्हणत होता.