साकव, सेतू, संक्रमण : शाळेतल्या डिजिटल बदलाला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न (प्राथमिक शिक्षक, राजापूर तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. २०२० पासून आमच्या शाळेत मोबाइल, टीव्हीसंच आणि क्यूआर कोडची पुस्तकं कशी आली, कशी वापरली गेली, यावर शाळेच्या अहवालात दोन पानं लिहायची आहेत. मथळा मी दिला होता ‘आमच्या शाळेचे डिजिटल संक्रमण’. मसुदा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचायला घेतला, तर पहिल्याच ओळीवर एका पालक ताईंनी हात वर केला. ‘गुरुजी, परत काय आलंय? शाळा बंद व्हनार का?’

त्यांचं काही चुकलं नाही. ‘संक्रमण’ हा शब्द त्यांच्या कानावर पडला तो मार्च २०२० नंतर, टीव्हीवरच्या हिंदी बातम्यांत. तिथे त्याचा अर्थ रोगाची लागण. मराठीत आपण संसर्ग म्हणत होतो, पण त्या दिवसांत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. मी जो अर्थ गृहीत धरला होता, एका अवस्थेतून दुसरीत जाणं, तो त्या खोलीत माझ्याखेरीज कुणाच्याच मनात आला नाही.

सरकारी कागदांत ‘डिजिटल तंत्रज्ञानाचा अवलंब’ असं असतं. तेही मला खटकतं. अवलंब म्हणजे आधार धरणं, लोंबकळणं. ‘अवलंबून’ हा शब्द त्याच घरातला. आम्ही मोबाइलवर अवलंबून राहिलो असं मला मुळीच म्हणायचं नाही. ‘अंगीकार’ छान आहे, त्यात अंग आहे, पण तो देवानं भक्ताचा करावा असा वाटतो. ‘स्वीकार’ म्हटलं की कुणीतरी काहीतरी हातात दिलं आणि आम्ही घेतलं, एवढंच.

झालं होतं ते असं. शाळा जूनमध्ये उघडली नाही. आमच्या वाडीत रेंज नाही. ती येते वर सड्यावर, कातळाच्या एका कडेला. तिथं छत्रीखाली चार मुलं आणि एक फोन, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेला, म्हणजे पाऊस लागू नये. फोन धरून बसलेली मुलगी नववीत होती, माझ्या शाळेतली नव्हेच. तिच्या धाकट्या भावासाठी ती येत होती. मी खालच्या गावातून बोलायचो. एकदा एक दुसरीतला मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, तुमचा आवाज आला, तुम्ही नाय आलात.’ त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा कागदावर अभ्यास लिहून वाडीवर जायला लागलो. वाटेत पऱ्ह्या, म्हणजे लहान ओढा आहे, त्यावर गावकऱ्यांनी पोफळीचे सोट टाकून घातलेला साकव, पायी ओलांडायचा छोटा पूल.

या सगळ्याला एक शब्द हवा आहे. वाडीत वाचून दाखवला तर कळेल असा.

प्रतिसाद (सावंतवाडीजवळून)

गुरुजी, शब्द तुमच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे की. साकव! आमच्याकडे वहाळावर घालतात. दरवर्षी मिरगाआधी सगळी वाडी जमते, बांबू, माडाचे नाहीतर पोफळीचे सोट, वेलीनं बांधायचं. हाताला धरायला एक आडवा बांबू. आजी सांगायची, साकवार धावा नको, एकामागून एक जावा. तुमच्या मुलांनी तेच केलं ना?

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षिका, रत्नागिरी)

वरच्या सूचनेनं मला फार आनंद झाला, कारण संक्रमण आणि साकव हे एकाच आईचे मुलगे आहेत.

मूळ धातू ‘क्रम्’, पाऊल टाकणे. क्रम, पराक्रम, अतिक्रमण, त्रिविक्रम, सगळ्यांत पाऊल आहे. ‘सम्’ लावला की एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पाऊल जाणं. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. आणि संस्कृतात ‘संक्रम’ हे नाम अवघड जागा ओलांडून जाण्याच्या सोयीला, म्हणजे पुलालाही आहे. तोच शब्द लोकांच्या तोंडी घासत घासत साकव झाला. ‘म’चा ‘व’ होतो, हे ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकाचा आवळा, श्यामलचा सावळा यांत दिसतंच. ‘क्र’मधला ‘र’ गळतो, जसं चक्राचं चाक. ‘सं’ लांबतो, जशी संध्येची सांज. म्हणून काही ठिकाणी अजून नाकात ‘सांकव’ असा उच्चार ऐकू येतो.

म्हणजे गुरुजी, तुम्ही मथळ्यात लिहिलं आणि त्या ताईंना कळलं नाही, तोच शब्द त्यांच्या वाडीच्या पऱ्ह्यावर शेकडो वर्षं पडलेला आहे. एक पोथीतून आला, एक पायाखालून. पोथीतला ‘संक्रमण’ वाईट नाही, पण त्यावर आता खूप काही चढलं आहे. रोग तर आहेच. शिवाय ‘संक्रांत कोसळली’ म्हणतो तेव्हा संक्रांतही संकट होते. आणि मुंबईतलं ‘संक्रमण शिबिर’ आठवा. कोकणातून गिरणीत गेलेल्या किती घरांनी तिथे ‘थोड्या दिवसांसाठी’ म्हणून पाऊल टाकलं आणि पुढची पिढी तिथेच जन्माला आली. ओलांडायच्या जागेवरच राहून जाणं, हाही अर्थ आता त्या शब्दाला चिकटला.

‘सेतू’बद्दलही लिहिते, कारण १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा जो उजळणीचा अभ्यासक्रम राज्यभर राबवला गेला त्याचं नाव ‘सेतू अभ्यास’ होतं. सेतू हा मुळात बांध. ‘सि’ म्हणजे बांधणे या धातूपासून. शेताचा बांध, पाणी अडवायचा बंधारा, मग त्यावरून चालत जाता येतं म्हणून पूल. सेतू पाणी अडवतो, साकव पाणी खालून जाऊ देतो. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो. जे वाहून जात होतं ते २०२० मध्ये कुणाच्यानं अडवलं गेलं नाही. वरून पाऊल टाकायची सोय तेवढी झाली.

प्रतिसाद (ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते, गुहागर तालुका)

बाई, तुम्ही सेतू म्हणालात आणि मला हसू आलं, कारण आमच्याकडे सेतू म्हणजे तहसीलमधली खिडकी. ‘सेतूत जाऊन दाखला आण’ असंच म्हणतात. पुलाचा अर्थ कुणाच्या डोक्यात येत नाही. शब्द इतका रुळला की मूळ विसरला गेला.

माझ्या टेबलावर दिवसभर जे शब्द येतात ते सांगते. ‘ऑनलाइन’ हे आता क्रियापदासारखं वापरतात : ‘फॉर्म ऑनलाइन करून दे’, ‘माझा सातबारा ऑनलाइन झाला नाय’. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, पण लोक त्याला डिजिटल म्हणत नाहीत, ‘सही असलेला’ म्हणतात. डाऊनलोडला ‘काढून दे’. उतारा काढायची सवय होती, तेच क्रियापद इथे आलं. अपलोडला ‘चढव’. ही दोन्ही मला कुठल्याही परिभाषेपेक्षा बरी वाटतात.

पण एका शब्दाबद्दल मला खरंच लिहायचं आहे, ‘अंगठा’. पूर्वी अंगठा म्हणजे सही न येणाऱ्याची खूण. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी होती. आता पदवीधरालाही अंगठा लावावा लागतो, रेशनला, आधारला, बँकेतल्या पैशांना. आणि ज्यांचा अंगठा लागत नाही त्या कोण? एक आजी येतात, पन्नास वर्षं मासळी साफ करतायत, बर्फात आणि मिठात हात. दुसऱ्या दोघी काजूच्या कारखान्यात, टरफलाच्या तेलानं बोटांची कातडी सोलवटलेली. यंत्रावर अंगठा ठेवतात, काढतात, पदराला पुसतात, परत ठेवतात. मी हात माझ्या हातात घेऊन दाबून धरते. चौथ्या-पाचव्या वेळी लागतो, कधी नाहीच लागत. मग त्या म्हणतात, ‘माझा अंगठाच गेला गो.’ कष्टानं झिजलेल्या बोटाला यंत्र ओळखत नाही, आणि बाईला वाटतं दोष आपला.

अहवालात ‘समाजाने डिजिटल तंत्रज्ञान स्वीकारले’ असं वाक्य असेल तर या आजींना त्यात कुठे बसवायचं, हे मला कुणीतरी सांगा.

प्रतिसाद (निवृत्त संस्कृत शिक्षिका, रत्नागिरी)

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. एकच भर घालते. ‘डिजिटल’मधला ‘डिजिट’ लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा पहिला अर्थ बोट. बोटांवर मोजत म्हणून आकडा. आपण ‘अंकीय’ म्हणतो तेव्हा आकडा राहतो, बोट गळून पडतं. तुमच्या आजींच्या बाबतीत बोटच महत्त्वाचं होतं.

प्रतिसाद (श्रीवर्धनकडचा, सध्या पनवेलला)

थोडंच लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. खांब पडले, सुपारीच्या वाड्या झोपल्या, टॉवर बंद. शाळा मोबाइलवर सुरू होण्याच्या दिवसांत आमच्याकडे आठवडेच्या आठवडे लाइटच नव्हती. चार्जिंगला फोन जनरेटरवाल्याकडे रांगेत. आमच्या गावात ‘रेंज’ हा शब्द त्या महिन्यात घराघरात पोचला, कारण ती नव्हती. ‘लाइट आली का’ याच्या पाठोपाठ ‘रेंज आली का’. पाणी येतं, गाडी येते, तशी रेंज येते. ‘संपर्कक्षेत्र’ हा प्रतिशब्द कंपनीच्या ध्वनिमुद्रित बाईखेरीज कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. रेंज बदलायला जाऊ नका.

प्रतिसाद (महाविद्यालयात मराठी शिकवतो, चिपळूण)

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नये.

साकवाचं कौतुक ज्याला तो रोज ओलांडावा लागत नाही त्याला जमतं. माझं आजोळ पऱ्ह्यापलीकडे होतं. जुलैत सोट बुळबुळीत होतात, खालून पाणी तपकिरी होऊन धावतं, आणि दप्तर घेतलेल्या पोराला आई अल्याड उभी राहून हाका मारत असते. साकव ही गावाची हुशारी आहे, पण पूल नसल्याची निशाणीही आहे. मुलांनी सड्यावर बसून शिकलं याचं वर्णन ‘साकव’ या गोड शब्दानं केलं, की पूल बांधायची जबाबदारी ज्यांची, ते सुटतात. ‘गावानं मार्ग काढला’ म्हणायचं आणि फाइल बंद.

शब्द नेमके हवेत. जुना हजेरीपट स्कॅन केला, ते अंकीकरण. हजेरी घेण्याची रीतच बदलली, ते परिवर्तन. समाजाची बसण्या-उठण्याची घडी बदलली, तर स्थित्यंतर. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अहवालात बहुतेक वेळा पहिली करून तिसरीचं नाव लिहिलेलं असतं. त्याला साकव हे उत्तर नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर, राग कसला? तुमचा आक्षेप दोन दिवस डोक्यात होता. मी ओलांडत होतो, पण आठवड्यातून दोनदाच आणि मोठ्या माणसाच्या पायांनी, हे खरं आहे. पावसात मुलांना मी तिकडून इकडे बोलावलं नाही, मीच गेलो, याचं कारण तेच होतं.

तरी दोन गोष्टी. आमच्या पऱ्ह्यावर आता सिमेंटचा पूल झाला आहे, लोखंडी कठडा असलेला. गावात त्याला काय म्हणतात? साकव. कामाच्या फलकावरही ‘साकव बांधणे’ असंच लिहिलं आहे. कोकणात बांधकाम खात्याच्या कागदांतही हाच शब्द चालतो. म्हणजे साकव हा शब्द कच्चेपणात अडकलेला नाही. पोफळीचा सोट जाऊन सिमेंट आलं तरी शब्द टिकला. त्यामुळे साकव म्हटलं की पक्क्या पुलाची मागणी मिटते, असं मला वाटत नाही. उलट, हे कच्चं आहे, पक्कं करा, असं आमच्याकडे याच शब्दात मागतात.

दुसरं, तुमची तीन शब्दांची वाटणी मी घेतली आहे, मात्र माझ्या पद्धतीनं. अहवालात आता एकच शब्द सगळीकडे वापरणार नाही. २०२० आणि २१ चं जे आहे त्याला साकव. त्यानंतर जे टिकलं त्याला ‘रुळलं’. वाट रुळते, माणूस नव्या घरात रुळतो, शब्द भाषेत रुळतो. हापूस, काजू, पगार, चावी, बादली हे पोर्तुगीज शब्द याच किनाऱ्यावर उतरले आणि असे रुळले की परके वाटत नाहीत. रुळायला वेळ लागतो आणि पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं जावं लागतं, हे त्या क्रियापदातच आहे. आमच्याकडे पुस्तकातला क्यूआर कोड रुळला. चौथीतली मुलं कविता ऐकायला स्वतः फोन धरतात. टीव्हीसंच रुळला नाही, कारण पावसात लाइट दुपारची जाते. तेही तसंच लिहिलं आहे. आणि जे झालंच नाही त्यासाठी कुठलाही भारदस्त शब्द शोधला नाही, ‘झाले नाही’ एवढंच.

गुहागरच्या ताई, तुमच्या आजींसाठी मला वाक्य सापडलं नाही. ‘समाजाने स्वीकारले’ हे वाक्य तेवढं काढून टाकलं.

परवा बैठकीत नवा मसुदा वाचला. मथळा, ‘साकव : शाळा मोबाइलवर आली तेव्हा’. त्याच ताई समोर बसल्या होत्या. या वेळी हात वर न करताच बोलल्या, ‘साकव कळला. मंग त्यात ह्ये पन लिवा, पल्याड फोन माझ्या थोरलीनं धरला व्हता. तिचा नववीचा तास त्याच टायमाला असायचा.’

मला हे माहीत नव्हतं. ती मुलगी रोज तिथे होती, मी तिचा आवाज ऐकत होतो, ‘गुरुजी, आता बोला, आली रेंज’ म्हणणारा, आणि तिचा स्वतःचा तास कधी आहे हे मी विचारलं नव्हतं. त्यांचं वाक्य अहवालात दुसऱ्या परिच्छेदात घातलं आहे. भाषा थोडी प्रमाण केली, क्रियापद ‘धरला’ हेच ठेवलं.