निन्टेन्डोची आघाडी सोनीने कशी काय घेतली?

मारिओभक्त: एनईएस, सुपर एनईएस (निन्टेन्डोचे आधीचे गेम कन्सोल), दोन्ही वेळा निन्टेन्डोच पुढे, मग निन्टेन्डो ६४ च्या वेळी नेमकं काय बिघडलं? मारिओ ६४ तर मी अजून खेळतो, इतका भारी गेम आहे तो.

जुना_गेमर: कार्ट्रिज (कन्सोलमध्ये खोचायची, आत गेमची चिप असलेली डबी), दुसरं काय! सीडीत साधारण ६५० एमबी मावायचं, ६४ च्या सगळ्यात मोठ्या कार्ट्रिजमध्ये फक्त ६४ एमबी, वर बनवायला महाग, म्हणजे गेम चालला नाही तर गेम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचा पैसा मालात अडकणार, मग त्या सीडीवाल्या सोनीकडे वळल्या. स्क्वेअर कंपनीची फायनल फँटसी ७ (१९९७) तीन सीड्यांवर आली, ती कार्ट्रिजमध्ये कशी बसवणार सांगा.

पिक्सेलवेडा: त्याच्या आधीचं पण बघा ना. सुपर एनईएससाठी सीडीचं काम सोनीच करत होती, १९९१ मध्ये निन्टेन्डोने ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला, मग सोनीने स्वतःचं प्लेस्टेशन आणलं, डिसेंबर १९९४. ६४ यायला जून १९९६ उजाडला, दीड वर्ष!! मला तरी हीच मोठी चूक वाटते.

जुना_गेमर: हे पटलं. पण कार्ट्रिजला लोडिंगची वाट बघावी लागायची नाही, ते सुख वेगळंच होतं.