'मनमोकळं बोला' म्हणणाऱ्या साहेबांसमोर खरंच बोलावं का?

चाकरमानी: बीकेसीतल्या आमच्या ऑफिसात एचआरने 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलता येणं, या विषयावर सेशन घेतलं. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "बोला, मनात काही ठेवू नका." सगळे चिडीचूप. अप्रेझल तोंडावर, बोलणार कोण? ज्याच्या हातात इन्क्रिमेंट, त्यानेच 'बोला' म्हणायचं, हा निव्वळ देखावा. बोलणाऱ्याला पुढे त्रास होणार नाही याची आधी सोय करा, मग सेशनं घ्या.

ठाणेकर: असहमत. मीही टीम चालवतो. रिपोर्ट दुरुस्तीला परत पाठवला तरी हल्ली 'टॉक्सिक' ठरतो. क्लायंटला सहा वाजता फाइल हवी असते, त्याला काय पोरांच्या भावना कळवू? आम्ही ओरडा खाऊनच शिकलो.

रात्रपाळी: ओरडा खाऊन माणूस पहिल्यांदा काय शिकतो, तर चूक लपवायला. मी नर्स आहे, रोज बघते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असा त्यांचा अंदाज होता. निघाल्या जास्त! कारण तिथल्या नर्स चुका सांगत होत्या, बाकीकडे त्या दडपल्या जात होत्या. मग १९९९च्या शोधनिबंधात त्यांनी ही टीमच्या मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली. चुकलेला डोस लगेच कळला तर पेशंटसाठी काही करता येतं. मेमोच्या भीतीने सकाळी कळला तर काय उपयोग?

ठाणेकर: हे पटलं. पण कामाचा दर्जा सैल करा असं त्याच बाई कुठेही म्हणत नाहीत. सेशनवाले तेवढंच गाळतात.

विरार_फास्ट: तुम्ही सगळे कायम नोकरीवाले दिसता. आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं काय? लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती नेमावी लागते. पण रोज मीटिंगमध्ये चारचौघांत अक्कल काढली, तर जायचं कुठे? एचआरकडे? ते तर साहेबांचेच. पावसात गाडी कुर्ल्याला अडकली तरी लेट मार्क, आणि तेवढं सांगायलाही जीभ उचलत नाही.

चाकरमानी: ठाणेकर, एक करून बघा. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यात नव्या पोराला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला. तो तुमच्या विरुद्ध बोलला, तर त्याचं रेटिंग मला मार्चनंतर सांगा.

ठाणेकर: बोलू देईन. फाइल मात्र सहाला पाहिजे.