मदत हवी आहे: आईची कंबर-पाय, पंधरा दिवस फिजिओ झाला पण नीट तपासलंच नाही असं वाटतंय

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, नंदगडच्या बाजूचे. आईचं वय 61, आयुष्य सगळं भातशेतीत गेलं. दीड वर्ष झालं तिला कंबर आणि दोन्ही पोटऱ्यांचा त्रास आहे, डावीकडं जास्त. एमआरआय केला, त्यात एल4-एल5 ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी, मणका पुढे सरकलाय, ग्रेड 1 लिस्थेसिस, आणि नस जायची जागा अरुंद झालीय असं आलंय. एका सर्जननी स्क्रू घालून ऑपरेशन करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी आधी फिजिओ करून बघा म्हटलं, म्हणून बेळगावात एका ठिकाणी पंधरा दिवस रोज बसनं नेलं.

तिथं काय झालं ते सांगतो. पहिल्या दिवशी रिपोर्ट बघितला, आईला पालथं झोपवलं, कमरेला करंटचे पॅड लावले, मग ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देतात ते), आणि हातात व्यायामाचा छापील कागद दिला. रोज तेच. उभं करून, चालवून, पाय उचलून कुणी बघितलं नाही. कागदावरचा पहिलाच व्यायाम पालथं पडून छाती वर उचलायचा, भुजंगासनासारखा, तो केला की आईच्या पोटऱ्या जास्तच भरून येतात. तसं सांगितलं तर सुरुवातीला दुखणारच म्हणाले.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. गेल्या जुलैत रोप लावणीला आई दिवसभर चिखलात वाकून होती, तक्रार नाही. पण स्टँडवरनं घरापर्यंत सरळ चालायचं म्हटलं की दोनदा कट्ट्यावर बसते, "जरा थांब रे, पाय भरून येऊलालेत" म्हणते, दोन मिनिटं पुढं वाकून बसली की पुन्हा चालू लागते. मणक्याचा पेशंट वाकला की दुखणं वाढतं असं सगळे सांगतात, मग हिचं उलटं का?

अजून एक. तिथं कन्नडमधनं तिला "जोमु" येतो का विचारलं, आईला तो शब्द कळला नाही, ती सरळ नाही म्हणाली आणि कागदावर तसंच लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर मी मुंग्या येतात का विचारलं तर म्हणते येतात की, रोजच येतात. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मी बाजूलाच उभा होतो आणि बोललो नाही.

तो कागद बंद करू का? चांगला फिजिओ नेमकं काय काय तपासतो? आणि ऑपरेशनची घाई आहे का? कुणी यातनं गेलं असेल तर प्लीज लिहा.

प्रतिसाद:
दादा, मी फिजिओ आहे, निपाणी भागात काम करतो. आईंना हात न लावता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जे कोडं म्हणताय तीच सगळ्यात कामाची माहिती आहे. मणक्यातली नस जायची नळी अरुंद झाली असेल तर पुढं वाकल्यावर ती थोडी मोकळी होते आणि सरळ उभं राहिलं किंवा मागं वाकलं की आवळते. म्हणून रोप लावताना बरं आणि रस्त्यावर त्रास. मागं वाकवणारा व्यायाम आत्ता थांबवा. अशा पेशंटला बहुतेकदा गुडघे पोटाशी घेणं, पोटाचे आणि नितंबाचे स्नायू बळकट करणं, बसून सायकल मारणं सोसतं. करंट आणि ट्रॅक्शनवर भिस्त ठेवू नका, ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2016 च्या मार्गदर्शनात कंबरदुखी-सायटिकासाठी ट्रॅक्शन, आयएफटी, टेन्स (हे दोन्ही करंटचेच प्रकार) देऊ नका असंच सांगितलंय. एमआरआय पण झोपवून काढतात, उभं राहिल्यावर काय होतं ते त्यात दिसत नाही, त्यासाठी पुढं-मागं वाकवून एक्स-रे घेतात, मणका हलतोय का ते कळतं. तपासणीत चालवून बघणं, रिफ्लेक्स, बधिरपणा, पायाच्या अंगठ्याची ताकद, शिवाय पायाच्या नाडीचे ठोके आलेच पाहिजेत, कारण रक्तपुरवठा कमी असला तरी पोटऱ्या अशाच भरून येतात, फक्त तिथं नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही.
आज घरी आधार देऊन आईंना टाचांवर चालायला सांगा. एक चवडा खाली पडत असेल तर या आठवड्यातच स्पाइन सर्जनना दाखवा. आणि लघवी अडली, शी-शूवरचा ताबा गेला, मांडीच्या आतल्या बाजूला बधिर झालं, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल, सकाळची वाट बघू नका.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. आत्ताच स्वयंपाकघरात आईला टाचांवर चालवलं, तिचे दोन्ही हात माझ्या हातात. उजवा पाय व्यवस्थित, डावा चवडा तिसऱ्या पावलाला टेकला, परत केलं तरी तसंच. तिनं विचारलं काय बघूलालास, मी सांगितलं. लघवीचं वगैरे विचारलं, तसं काही नाही. उद्या पहिल्या बसनं बेळगावला सर्जनकडं निघतोय, मुंग्या आणि रोप लावणीचं सगळं मराठीत लिहून घेतलंय, या वेळी मीच वाचून दाखवणार.