पावसात तुम्ही काय वाचवता? डोकं, पाठ, पाय का मोबाईल, आपापला अनुभव सांगा

पांधनवरचा, दारव्हा

मृग पूर्ण कोरडा गेला आणि आर्द्रानं कसर काढली. चार दिवस झाले झड लागली हाये, घरात दोरीवर तीन पायजामे टांगले ते तीनही ओलेच, अन् घरचं माणूस म्हणते आता चौथा ओला करून आणसान तर लुगडं नेसून फिरा. म्हणून म्हटलं घरात बसून धागा तरी काढावा.

विचारायचं एवढंच की पावसात तुम्ही खरोखर अंगावर काय घेता. दुकानात काय भेटते ते नका सांगू, ते सगळ्यायलेच माहीत हाये.

माझं सांगतो. घरात दोन रेनकोट आहेत, एक पोराचा एक पाहुण्याचा. मी चुंगडीचा घोंगता करतो. ज्याईनं पाहिला नसन त्याईच्यासाठी, रिकामं पोतं घ्यायचं, तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आतून ढकलायचा, डोक्याले टोपी तयार, बाकीचं पाठीवर लोंबते. हात दोन्ही मोकळे. पहिले तागाचं पोतं राहे, ते गरम असे पण दुपारपर्यंत एवढं पाणी पिये की मानेवर बाळ बसल्यासारखं वाटे. आता खताच्या प्लास्टिकच्या चुंगड्या, हलक्या असतात पण वाऱ्यानं सरकतात. आणखी एक, युरिया पहिले ५० किलोचा यायचा तो आता ४५ चा येते, तर मले दाट संशय हाये की घोंगता चार बोटं आखूड झाला. डीएपी अजून ५० मध्येच येते म्हणून मी डीएपीची चुंगडी जपून ठेवतो. बायको हसते. हसू द्या.

रोवणीवाली, लाखांदूरकडची

भाऊ तुमचं बरं आहे, उभ्यानं काम आहे. आमच्याकडे धान. रोवणीत सकाळी बांधीत उतरलं की संध्याकाळपर्यंत कंबर वाकलेलीच, एका हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी न दुसऱ्या हातानं रोवणं, छत्री काय दातात धरायची का? रेनकोट एक साल घालून पाहिला, काखेत आवळते आणि आतून घामानं अशी भिजले की बाहेरचा पाऊस बरा. आता आम्ही सगळ्या बाया पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा कागद घेतो, दुकानातून दोन मीटर जाड पन्नी आणायची, डोक्यावरून घेऊन गळ्याशी एक गाठ आणि कमरेला दोरी. पाणी पाठीवरून मागे उतरते ते पायावर पडते, पाय तर चिखलातच असतात म्हणजे त्याचं दुःख नाही. खरं जपायचं ते पाठ आणि छाती. पाठ भिजली की संध्याकाळी अंग मोडून येते.

माझ्या आजीकडे इरलं होतं, बांबूच्या बारीक कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मधात पळसाची पानं दाबून भरलेली. डोक्यावरून पाठीपर्यंत, कासवासारखं. आत हवा खेळायची, घाम नाही काही नाही. पण उभं राहून बांधावरून चालायला लागलं की वारा भरायचा. आजी म्हणायची वाकली तोवर इरलं तुझं, उभी झाली की वाऱ्याचं. पळसाची पानं दरवर्षी बदलावी लागत, आता बसून ते करणार कोण, म्हणून पन्नी. पन्नी तरी कुठं टिकते म्हणा, दिवाळीपर्यंत तिच्या चिंध्या होतात.

काळी माती, अकोट

गमबुटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या काळ्या मातीत गमबूट म्हणजे फसवणूक. पाऊल उचललं की पाय वर येते, बूट तिथंच रायते. आणि जो वर येते त्याले दोन किलो माती. मी बिनचपलेचा जातो. विषय संपला.

आशाताई (गाव नाही सांगत)

काळी माती दादा, विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. अनवाणी चालून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते आणि मग माझ्याकडे मलम मागायला येता. घरी आल्यावर पाय साध्या पाण्यानं धुवा, आणि धुऊन तसेच ओले नका ठेवू, प्रत्येक बोटाच्या मधात कोरडं फडकं फिरवा. एवढं केलं तरी अर्धं काम होतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी अनवाणी अजिबात जाऊ नका, काटा रुतलेला कळतच नाही त्यांना.

माझं स्वतःचं विचाराल तर छत्री. घरोघर फिरायचं असतं, दर दाराशी रेनकोट काढा-घाला कोण करत बसेल. पण रजिस्टर मात्र दोन पिशव्यांत, एक उलटी एक सुलटी. मी भिजले तर वाळते, रजिस्टर भिजलं तर सगळं परत लिहावं लागतं.

बदलीवरचा गुरुजी, भामरागड तालुका

मी मूळचा साताऱ्याकडचा. पाऊस मला नवा नाही असं समजून इथे आलो होतो. पहिल्याच जुलैमध्ये सगळी मस्ती उतरली.

रोज मोटरसायकलवर जाणं-येणं. पहिल्या वर्षी हौसेनं गमबूट घेतले आणि रेनकोटची पॅन्ट नीट गमबुटात खोचून निघालो. पंधरा मिनिटांत मांडीवरून ओघळणारं सगळं पाणी बुटात, शाळेत पोचलो तेव्हा दोन्ही पायांत एकेक घागर. पोरं बघत होती, मी बूट उलटा केला, भळभळ पाणी पडलं, आख्खी शाळा हसली. तेव्हापासून पॅन्ट बुटाच्या बाहेरून. दुसरं, रेनकोट पहिला झिजतो तो बसायच्या जागी, मधल्या शिवणीत. गाडीच्या सीटवर तिथंच पाण्याचं डबकं साचतं आणि शिवणीच्या भोकातून आत येतं, मग वर्गात उभं राहून शिकवावं लागतं, का ते कुणाला सांगता येत नाही. घेताना आतून बघायचं, शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे का. आणि माप दोन नंबर मोठं, म्हणजे दप्तर पाठीला लावून वरून रेनकोट चढवता येतो.

शाळेतल्या पेटीत एक कोरडा जोड कायम असतो, टॉवेलसकट. हे मी सगळ्यात उशिरा शिकलो आणि तेच सगळ्यात कामाचं निघालं.

बाकी पर्लकोटा नदीच्या जुन्या पुलावर पाणी चढलं की कुठलाही रेनकोट कामाचा नाही. तेव्हा अलीकडे थांबायचं. इथल्या लोकांना त्याची घाई नसते, मला पहिली दोन वर्षं फार असायची.

मेंढरामागं, मेहकर

घोंगडी. लोकरीची, काळी. पाऊस पडला की थेंब वरच्यावर रायते, झटकली की गेले. लय वेळ झाला तर भिजते, मग जड होते हे खरं, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे पन्नीले नाही जमत. रात्री तीच अंथरूण तीच पांघरूण. वास येते म्हणतात लोक. येऊ द्या, मेंढराले तो वास वळखीचा हाये.

छत्री मी माळावर कधीच उघडत नाही. गडगडायला लागलं की सपाट माळावर सगळ्यात उंच आपणच, त्यात हातात लोखंडी दांडी. झाडाखाली पण नाही जायचं, सगळे झाडाखालीच पळतात. भाच्यानं मोबाईलवर दामिनी ॲप टाकून देल्लं, वीज जवळपास असली तर सांगते. खोलगट जागा पाहून पाय जुळवून उकिडवं बसायचं, भिजलं तर भिजलं.

फवारणीचा अनुभव, पांढरकवडा

रेनकोट निघालाच आहे तर एक गोष्ट. माझ्याकडे दोन आहेत. निळा पावसाचा, हिरवा फवारणीचा. हिरवा गोठ्यात खुंटीला, निळा घरात. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती घरची माणसं गेली ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेलेली, माणूस आत शिरला की दिसत नव्हता, पंपाचा फवारा तोंडावरच यायचा. मीपण तेव्हा बनियन-लुंगीवर फवारत होतो. संध्याकाळी डोळे चुरचुरले, ओकारी झाली, रात्री दवाखान्यात नेलं. वाचलो.

त्याआधी मीच पावसाचा रेनकोट फवारणीला घालायचो आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून पोरीला शाळेत सोडायला जायचो. ती मागं बसून माझ्या पाठीला गाल लावून झोपायची. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून रंगच वेगळे ठेवले, चुकायलाच नको. हिरव्यात गरमी एवढी होते की दहा वाजल्यानंतर घालवत नाही, म्हणून मी सकाळी लवकर फवारतो आणि उन्ह चढलं की बंद.

सायकलवाली, बारावी

मला भिजायला आवडतं. पण रेनकोट घालते. कारण ड्रेस ओला झाला की अंगाला चिकटतो आणि चौकात पानठेल्यावर बसलेले सगळे बघतात. थंडी-बिंडीचा काही संबंध नाही. आईनं पारदर्शक गुलाबी आणला होता, दिसायला मस्त, मी परत करायला लावला आणि जाड काळा घेतला.

आबाजी (नातू टाइप करून राहिला)

लाकडी मुठीची काळी छत्री. तुमच्या त्या बटणाच्या छत्र्या आमच्या नातवानं तीन मोडल्या. माझीच्या काड्या दोनदा बदलल्या, कापड एकदा, बाजाराच्या दिवशी दुरुस्तीवाला येऊन बसते त्याच्याकडून. नातू म्हणते आबाजी मग जुनं राहिलं काय, मी म्हटलं मूठ. पाऊस नसला की मुठीनं मागं कॉलरले अडकवायची, हात मोकळे. नाल्यात उतरायच्या आधी पाणी किती ते तिनंच पाहायचं. कुत्र्याले दाखवली तरी पुरते. रेनकोटानं कुत्रं भेत नाही.

रोवणीवाली, लाखांदूरकडची

आबाजी जिंकले 😄 एक राहूनच गेलं. माझी सासू काडीपेटी तंबाखूच्या रिकाम्या डब्बीत घालून तांदळाच्या मडक्यात ठेवते. अंग कसंही भिजू दे, संध्याकाळी चूल पेटली पाहिजे. सरपण पण आम्ही मृगाच्या आधी ओसरीत रचतो न छपरावरचे कवेलू (कौलं) फेरून घेतो. यंदा फेरणारा माणूस भेटला नाही तर वरून पन्नीच टाकली, आता रात्रभर फडफड फडफड.

काळी माती, अकोट

आशाताई, कालपासून फडकं फिरवून राहिलो. चपलेचं बघू.

पांधनवरचा, दारव्हा

सगळ्यायचं वाचलं. रोवणीवाल्या ताईचं ऐकून परवा हौसेनं दोन मीटर निळी पन्नी आणली, गळ्याशी गाठ, कमरेले दोरी, सगळं सांगतल्यासारखं. सकाळी गोठ्यात बैल सोडाले गेलो. वारा आला न पन्नी फडाडली. तांबड्यानं असा मोठा डोळा करून माझ्याकडे पाहिलं, अन् दावं तोडून जे सुटला ते थेट पांधनीनं नाल्यापर्यंत. मी मागं. बाभळीपाशी दोरी सुटली, पन्नी वर फांदीले जाऊन अडकली, अजून तिथंच फडकत हाये, रस्त्यानं जाणारे विचारतात कोणाचा झेंडा हाये म्हणून. बैल नाल्याकाठी उभा होता, घरून डीएपीची चुंगडी आणली, डोक्यावर घेतली, मग कुठं वळख पटली त्याले. मुकाट्यानं मागं आला.

चौथा पायजामा दोरीवर हाये.