अनुभव धागा : न विचारता मदत करणारी सॉफ्टवेअरं

मोबाइल अ‍ॅपची रड इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढू. इथे फक्त कॉम्प्युटरवरची रोजची सॉफ्टवेअरं. नुसतं "वैताग आला" लिहू नका. काय दाबलं की काय होतं, का होतं आणि उपाय कुठे सापडतो, तेवढं लिहा.

गटनंबर

श्रीगणेशा सातबाऱ्यापासूनच. एक्सेलच्या कोऱ्या सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ लिहून एंटर मारा. ७ डिसेंबर हजर! विंडोजची रीजन सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. आता तारीख घालवायला फॉरमॅट 'टेक्स्ट' केला तर ४६३६३ उमटतं (२०२६ साली टाइप केलं असेल तर). एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा ठेवतं आणि मूळ ७/१२ कुठेच ठेवत नाही. कंट्रोल-झेड लगेच मारलं नाही तर गेलं ते गेलं.

गटनंबरांच्या यादीत आणखी मजा. १२/३ ची १२ मार्च होते, ७/४५ चा ४५ सालचा जुलै होतो, पण ४५/१२अ तसंच राहतं. एकाच रकान्यात निम्म्या तारखा, निम्मा मजकूर. सॉर्ट केलं की तारखा सगळ्या वर, मजकूर खाली.

उपाय टाइप करण्याआधीच करायचा: रकाना निवडून कंट्रोल-१, त्यात टेक्स्ट. एखाददुसऱ्या सेलपुरतं आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी भागतं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) मात्र डबल क्लिकने कधीच उघडू नका. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि डेटा टाइप डिटेक्शनमध्ये 'डू नॉट डिटेक्ट' निवडा.

शून्यवादी

वरच्याला जोडून. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं असतं. १६ अंकी कार्ड नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि तोही मुकाट्याने. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. १२ अंकी आधार नंबर १.२३ई+११ असा दिसतो, पण तो फक्त दिसायला. फॉरमॅट 'नंबर' आणि दशांश ० केले की परत येतो. घाबरायचं १६ व्या अंकाला.

२०२३ पासून ऑप्शन्स > डेटामध्ये 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' बंद करायची सोय आली आहे. शून्यं त्याने वाचतात. पण त्यातला तारखेचा पर्याय अक्षरं-आकडे जोडून आलेल्या मजकुरासाठी आहे, सातबारा त्यात बसत नाही. जनुकांची नावं बसतात: मार्च१, सेप्ट२ वगैरे. त्यांच्या तारखा होत म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअरआधी विज्ञान वाकलं म्हणायचं.

काना_मात्रा

वर्डमध्ये मराठी-इंग्रजी मिश्र पत्र करणाऱ्यांसाठी. प्रत्येक मजकुराला तिथे दोन फॉन्ट आणि दोन आकार असतात, एक रोमनचा, एक 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चा. देवनागरी दुसऱ्यात मोडते. वरच्या पट्टीवर मात्र पेटी एकच, म्हणून इंग्रजी १२ आणि मराठी ११ अशी पत्रं निघतात आणि कारण सापडत नाही. कंट्रोल-डी दाबा, दोन्ही पेट्या एकाखाली एक दिसतील. कायमचं करायचं तर 'नॉर्मल' स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट, आणि तिथे दोन्ही भरा. लिब्रेऑफिसमध्येही हीच भानगड. तिथे भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण केल्याशिवाय दुसरी पेटी दिसतच नाही.

झेरॉक्सवाला_कोपरा

प्रिंटचे दोन सापळे.

पहिला, 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर'. हे चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. एकदा 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की पुढची बिलं कागदावर यायच्या ऐवजी फाइलचं नाव विचारत बसतात. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन बंद करा.

दुसरा, लेटर साइज. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी, लेटर २१५.९ × २७९.४. ट्रेमध्ये ए४ आणि फाइलमध्ये लेटर असलं की काही प्रिंटर कागद मागत नुसते लुकलुकतात. पीडीएफ छापताना 'फिट'ऐवजी 'अ‍ॅक्चुअल साइज' घ्या, नाहीतर फॉर्मवरची ३५ × ४५ मिमीची फोटोची चौकट आकसते आणि फोटो बाहेर येतो.

जुनी_फाइल

वनड्राइव्हवरची (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातली) वर्ड फाइल उघडून गेल्या वर्षीच्या पत्रात फक्त तारीख-नाव बदलायचं आणि शेवटी 'सेव्ह अ‍ॅज' करायचं, ही जुनी सवय आता घात करते. ऑटोसेव्ह चालू असल्यामुळे मूळ पत्र तोवर बदललेलं असतं. आधी 'सेव्ह अ कॉपी', मग हात लावा. चूक झालीच असेल तर फाइल > इन्फो > व्हर्जन हिस्टरी. एफ१२ दाबलं की सेव्ह अ‍ॅजची जुनी खिडकी अजून उघडते.

ठीक_रद्द

"तुम्हाला रद्द करायचं आहे का?" खाली बटणं: ओके आणि कॅन्सल. कॅन्सल दाबलं तर काय रद्द होतं, रद्द करणं की काम? बटणावर क्रियापद लिहायला किती पिक्सेल लागतात?

आणि दुसरा मॉनिटर काढल्यावर बाहेरच अडकून राहिलेली खिडकी: टास्कबारवर तिला निवडा, ऑल्ट-स्पेस, एम, मग बाणाची एक कळ, आणि माउस हलवा. खिडकी कर्सरला चिकटून येते.

शेपूट

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी टिंबानंतरची अक्षरं) मुळातच लपवून ठेवतं. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम) तुम्हाला 'बिल.पीडीएफ' दिसते. २००० सालचा 'आय लव्ह यू' व्हायरस याच आडोशाने पसरला: नावात टीएक्सटी, मागे लपलेलं व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणारी स्क्रिप्ट. विंडोज ११ मध्ये व्ह्यू > शो > फाइल नेम एक्स्टेन्शन्स. नवीन मशीन आलं की पहिलं काम हेच.