हॉटेलच्या किचनची कोटा फरशी, सांध्यातनं काळं पाणी येतंय. वरनं इपॉक्सी मारू का?

रस्सावाला_राजारामपुरी
आमची छोटी खानावळ हाय, सकाळी मिसळ नि दुपारपासनं मटण थाळी. किचन १२ बाय १८ फूट, खाली २ बाय २ फुटाचा कोटा, टाकून अकरा वर्षं झाली. सिंकच्या बाजूचे सांधे पार रिकामे झालेत, फरशीवर पाय दिला की फटीतनं काळपट पाणी पचकन वर येतंय आणि वास तर विचारू नका. पोरं रात्री ॲसिड टाकून घासत्यात, सकाळी परत तेच. परवा तांबड्याचं पातेलं घेऊन जाताना एक पोरगा घसरला, रस्सा निम्मा जमिनीवर, पोरगं थोडक्यात वाचलं. कंत्राटदार म्हणतोय सगळ्यावर क्लिअर इपॉक्सी (रेझिनचा पारदर्शक थर) मारू, दोन दिवसात चकाचक. श्रावणात गिऱ्हाईक कमी असतंय, तवा उरकून घ्यावं म्हणतोय.

दर्जाभरणारा
थांबा की भावा. आधी ते ॲसिड बंद करा, कोटा म्हणजे चुनखडीच, ॲसिड तिला खातंय आणि सांध्यातलं सिमेंट पण खातंय. चिंच, लिंबू, दही तेच काम हळूहळू करतात. आता रात्री किचन धुवून कोरडं करा आणि लाकडी दांडक्यानं एकेक फरशी वाजवत जा. भरीव वाजली तर सोडा, बद्द वाजली की खडूनं फुली मारा. पाय दिल्यावर पाणी वर येतंय म्हणजे फरशी खालनं सुटलीय आणि पोकळीत पाणी साठलंय, त्याच्यावर इपॉक्सी मारून पाणी आत कोंडणार काय?

शाहूपुरीकर
वरच्याशी सहमत. २०१९ च्या पुरानंतर आम्ही असंच घाईत कोटिंग मारून घेतलं, जमीन आतनं ओलीच होती, दिवाळीपर्यंत पापडासारखे फोड. तेव्हापासनं आधी दीड फूट प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवतो, सकाळी आतनं घाम दिसला की काम पुढं ढकलायचं. श्रावणात गिऱ्हाईक नसतं खरं, पण हवा पण वाळू देत नाही. आणि अंडी उकडलेलं पाणी जमिनीवर ओतत असाल तर साधा इपॉक्सी मऊ पडतो. उकळत्या पाण्याला पीयू (पॉलीयुरेथेन) काँक्रीट लागतं, ६ ते ९ मिलिमीटर जाड, खिसा बघून ठरवा. त्या चकचकीत कोटवर तर्री सांडली तर पोरगं उभं तरी राहील का?

रस्सावाला_राजारामपुरी
काल रात्री वाजवलं. ५४ फरश्यांपैकी १३ बद्द, आणि सगळ्या सिंक ते जाळीच्या पट्ट्यातच! एक उचकटली तर सिंकच्या आउटलेट पायपाचा जॉइंटच सुटलेला, सगळं खरकटं पाणी फरशीखाली. खालची वाळू काळीभोर. कंत्राटदारानं सिंकखाली वाकून पण बघितलं नव्हतं.

दर्जाभरणारा
हे बघा, घावलं! आता पाईप बदला, १३ फरश्या काढून खालचा कुजका माल सगळा काढा, परत बसवताना जाळीकडं ढाळ द्या, बादलीभर पाणी ओतून बघा कुठं थांबतंय ते. भिंतीच्या कडेला वाटा (सिमेंटची गोलाई) मारून घ्या, कोपऱ्यात चिखल राहत नाही. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात पण फरशी धड पाहिजे, पाण्याचा निचरा पाहिजे असंच हाय. बाकीचे सांधे कोरून, पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी ग्राउट (सांध्यात भरायचा माल) भरा. कोटाच्या अंगावर मात्र कोटिंग नको, आत मुरणारा सीलर मारा. वर्षभरानं पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटं बघायचं, काळा डाग पडला की सीलर संपला.

रस्सावाला_राजारामपुरी
ग्राउट आमची पोरं भरतील काय?

दर्जाभरणारा
भरतील, पण रेझिन, हार्डनर, पावडर अंदाजपंचे मिसळू नका, पाकिटावरच्या मापानंच, आणि एका वेळी थोडंच कालवा, सगळं एकदम कालवलं तर डब्यातच दगड होतंय. वरचा चिकट थर ओल्या स्क्रबरनं लगेच पुसा, सुकल्यावर तो तुमच्या जन्मात निघत नाही. आणि निदान २४ तास त्या पट्ट्यात कुणाला पाय टाकू देऊ नका, मालकाला पण.

रस्सावाला_राजारामपुरी
मालकाला लय अवघड हाय, पण बघतो. सोमवारी बंद ठेवून पायपापासनं सुरू करतोय.